सव्वाचार मिनिटांचं खोकं

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७
मुंबईहून नवा साहेब आलाय. वय माझ्या थोरल्याएवढं. गळ्यात दोरीला घड्याळ, दाबलं की चालतं, दाबलं की थांबतं. आमच्या पॅकिंगला खोकं भरायला किती वेळ लागतो ते मोजणार म्हणे. दोन डझन औषधाच्या बाटल्या, मधे पेंढा, वर फळी, चार खिळे. म्हटलं, साहेब, कोण भरतंय त्यावर आहे. "कोण भरतंय याच्याशी शास्त्राला कर्तव्य नाही, मुकादम." शास्त्र! डोकं तडतडलं. टोळीला सांगितलं, उद्या नाक कापू नका. चिखली गावची माणसं काय आहेत ते दिसू दे त्याला.

मंगळ. ५
दिसलं. बापू पैलवान सदरा काढूनच उतरला, जत्रेच्या आखाड्यात उतरावं तसा. बाकीचे भोवती उभे, नुसत्या आरोळ्या. त्यात माझी सगळ्यात मोठी. सव्वाचार मिनिटं! साहेबानं पाठ थोपटली. सुटल्यावर मी सगळ्यांना चहा पाजला.

गुरु. १४
फळ्यावर कागद लागला. यापुढे खोक्याला सव्वाचार मिनिटं, प्रत्येकाला, दिवसभर. महिनाअखेरीस ज्याला जमणार नाही तो घरी.
बापूला तरी कुठे जमतंय? दुपारनंतर तोच पाचावर येतो. तडक केबिनमधे गेलो. "मुकादम, तुमच्याच माणसानं करून दाखवलंय." पाहुणा आला म्हणून घरात होतं नव्हतं ते ताटात वाढलं, आणि तो म्हणतो, रोज हेच वाढा. गाढव मी. आरोळ्या मारत होतो.

शनि. १६
बाकीचे मापापुरते तरी धापा टाकत सव्वाचारात येतील. धोंडिबा नाही येणार. पंचावन्नच्या पुढचा, उजवा गुडघा गेलेला. सहा मिनिटं म्हणजे सहा मिनिटं. पण इथे आल्यापासून त्याच्या खोक्यातली एक बाटली फुटून परत आलेली नाही. ते घड्याळात दिसत नाही ना!
लढाईच्या वेळी आम्ही दोघं लष्कराच्या डेपोत होतो. मी तेव्हाही मुकादम. पेटी उशिरा उचलली म्हणून याच धोंडिबाच्या थोबाडीत मारली होती मी, सगळ्यांदेखत. मुकादमी म्हणजे तेव्हा हात आणि शिवी. गोऱ्या साहेबानं मान डोलावली, मला केवढं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी धोंडिबा माझ्याच टोळीत हजर. कधी एका शब्दानं... जाऊ दे.

सोम. २५
साहेब आठवडाभर मुंबईला होता, कसल्याशा वर्गाला. आज आला तो हसतच. धोंडिबाला "काका" म्हणाला, खुर्ची दिली. आता म्हणे माणूस महत्त्वाचा, त्याचं मन ओळखायचं, सगळी कंपनी एक कुटुंब. भिंतीला सूचनांची पेटीसुद्धा ठोकली.
विचारलं, मग फळ्यावरचा कागद काढू?
"कागद राहील. पण माप आता तुम्ही घ्यायचं. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे." आणि घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. शिवी ओठावर आली होती. गोरा निदान हसत तरी नव्हता.

बुध. २७
टोळीला नळापाशी बाजूला घेतलं. म्हटलं, शुक्रवारपासून माप माझ्या हातात आहे. सगळ्यांनी बेतानं भरा. सगळेच सहावर आले तर कागद बदलायला लावतो.
बापू पुढे आला. "तात्या, तुमीच म्हनला व्हता नाक कापू नका. आता मुद्दाम रडत काम करायचं? आमाला न्हाई जमायचं."
भडकलो, वाटेल ते बोललो. धोंडिबासाठी म्हणून सांगतोय असं तोंडातून गेलंच. तो तिथेच उभा होता. हातोडी उचलून आत गेला.

शनि. ३०
बाकीच्यांची मापं काल झाली. एकानंही हात आखडला नाही. आज धोंडिबा.
साहेब हसत शेजारी उभा. मी वाकून पेंढा सारखा केल्यासारखं केलं, हळूच म्हटलं, घड्याळ उशिरा दाबतो.
"तवाच्या तवा दाबा, तात्या. डेपोत हात उचलला व्हता तुमी, ते सोसलं. कीव न्हाई सोसायची."
दाबलं. कधी नव्हे तो झपाट्यानं भरायला लागला. भार सगळा डाव्या पायावर. शेवटचा खिळा एका ठोक्यात बसवला. मीही लगेच थांबवलं. साहेब म्हणाला, "शाब्बास, काका! किती, मुकादम?" म्हटलं, सोमवारी कागदावर देतो. धोंडिबानं पुढचं खोकं ओढलं.

रवि. १ डिसेंबर
जेवण झाल्यापासून कागद समोर आहे. सगळ्यांचे आकडे भरले. शेवटी धोंडिबाचं नाव लिहिलं, पुढची जागा तशीच. सव्वाचार लिहायला माझा हात धजेल, पण सोमवारी तो समोर उभा राहणार. आणि खरं लिहिलं तर मंगळवारपासून तो समोर नसणार. त्या साहेबाला काय, तो दोन्ही वेळा हसेल.
घड्याळ फळीवर ठेवलंय. सौ.नं विचारलं, बंद पडलंय का हो? म्हटलं, नाही. काटा मागे न्यायला बटण दाबावं लागतं.
पावणेसहावर उभं आहे. मी दाबलेलं नाही.