भिंतीचा आडोसा

७ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! फोटोत दिसत होतं त्याहून घर देखणं आहे. पिवळ्या फळ्यांच्या भिंती, पांढऱ्या चौकटी, आणि वर नवऱ्यानं, यार्लेनं, पानगळीच्या दिवसांत घालून घेतलेलं नवंकोरं काळं पत्र्याचं छप्पर. छप्पर इतकं उतरतं आहे की आमच्या डेन्मार्कात त्याला डोंगर म्हटलं असतं. असं मी म्हणाले, तर सामान उतरवणारा माणूस हसून हसून खालीच बसला. नवऱ्याच्या या देशात सगळे मला असंच छळणार, दिसतंय.

शेजारची म्हातारी गुन्वोर गरम वाफल आणि तपकिरी चीज घेऊन आली. पहिल्याच वाक्यात म्हणाली की पोरी, तोंडातला बटाटा आधी गिळ, मग बोल, म्हणजे तुझं डॅनिश मला कळेल. मला ती लगेच आवडली. हे घर रागना नावाच्या बाईचं होतं, एकटीच राहायची, मागच्या वर्षी वारली आणि भाच्यानं घर विकलं, एवढं तिनं सांगितलं. बाकी सगळा वेळ आस्ताला मांडीवर घेऊन बसली होती. पाच महिन्यांच्या आमच्या लेकीनं तिची जपमाळेसारखी मण्यांची माळ तोंडात घातली तरी तिनं घालू दिली.

यार्लेनं बाबागाडी अंगणाच्या मधोमध, बर्च झाडाखाली उभी केली आणि म्हणाला की दुपारच्या झोपेची ही हिची जागा. आमच्यासारखीच इथलीही बाळं थंडीत बाहेर झोपतात. बिछाना, लोकरीचं झबलं, मेंढीचं कातडं, सगळं तयार आहे. इथे आपण सुखी होणार असं मला आतून वाटतंय.

११ फेब्रुवारी

नगरपालिकेच्या आरोग्यसेविका हेगे आज येऊन गेल्या. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांनी कशी आहेस असं विचारल्याबरोबर रडले. आस्ता झोपत नाही. झोपली तर लगेच उठते. घरात पाळण्यात ठेवलं की घर डोक्यावर घेते.

हेगेंनी समजावून सांगितलं की एवढं बाळ तुकड्यातुकड्यांनी झोपतं. दोन तुकड्यांच्या मधे ते चुळबुळतं, कुरकुरतं, डोळेसुद्धा उघडतं, आणि आपण लुडबुड केली नाही तर पुन्हा झोपतं. मी नेमकी तिथेच लुडबुड करते आणि पोरीला पुरती जागी करते. शिवाय निजवायला उशीर करते. ती शून्यात बघायला लागली, कान ओढायला लागली की तीच वेळ. रडायला लागेपर्यंत वेळ गेलेली असते.

यावर त्यांनी एक उपाय सांगितला. कुरकुर ऐकू आली की धावायचं नाही, पेन उचलायचं. चार ओळी लिहायच्या. तोवर ती झोपली तर ठीक, खरंच रडत असली तर जायचं. म्हणून ही रोजनिशी आता स्वयंपाकघराच्या टेबलावर, बेबी मॉनिटरच्या शेजारी राहणार. माझ्यासारख्या उतावळीला हे औषध चांगलं आहे.

१४ फेब्रुवारी

काल यार्ले समुद्रावर, तेलविहिरीच्या कामाला गेला. दोन आठवडे मी आणि आस्ता. अंगणाची बाजू साफ करताना कोठीत शिडीसारख्या लांब लोखंडी जाळ्या दिसल्या, जुन्या छपराबरोबर उतरवलेल्या. कशाच्या, देव जाणे. यार्ले आला की भंगारात देईल.

दरीतून वारा सुटला होता. बर्चखाली गाडीचा टप नुसता फडफडत होता आणि आत आस्ता किंचाळत होती. माझ्या आईचं म्हणणं असायचं की बाळाला थंडीत खुशाल ठेव, वाऱ्यात ठेवू नकोस. आमच्या सपाट मुलखात भिंत दिसली की बाबागाडी तिला चिकटवून लावायची, हे आम्हांला शिकवावं लागत नाही. मी तेच केलं. दक्षिणेच्या भिंतीशी, अगदी आडोशाला.

आणि झोपली की हो! मधे एकदा कुरकुरली, मी पेन उचललं, आणि मॉनिटरवर गाडीच्या स्प्रिंगांचा आवाज आला. कुई, कुई. कुणीतरी हलके झोके देतंय असा. आस्ता गप्प झाली. गुन्वोर आली असणार. म्हातारीला कॉफी द्यायला हवी होती, पण मी सोफ्यावर जी पडले ती उठलेच नाही. किती महिन्यांनी झोपले!

१५ फेब्रुवारी

गुन्वोर म्हणते ती काल आलीच नव्हती. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, एवढ्या बर्फातून मागच्या अंगणात यायला ती काय शेळी आहे का, असं वर मलाच विचारलं.

आज बाळाला उठवायला गेले तर गाडी भिंतीपासून चांगली लांब होती, बर्चच्या वाटेवर. ब्रेक निघालेला. बर्फात चाकांच्या रेघा होत्या, पावलं फक्त माझी. ब्रेक लावायला मीच विसरले असणार. झोप नसली की माणूस काहीही विसरतो. यार्लेला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल.

१८ फेब्रुवारी

आता खरं लिहिते.

रोज असंच होतंय. आस्ता कुरकुरते, स्प्रिंगा कुईकुई करतात, ती झोपते. मग जड काहीतरी ओढल्याचा आवाज. मला ऐकू येतो. मी ऐकते आणि उशी कानावर ओढून घेते. माझ्या पोरीला कुणीतरी जोजवतंय, आणि ते कोण हे मी विचारलं नाही, कारण मला झोप हवी होती. यापेक्षा वाईट आई असते का?

आज खिडकीतून पाहिलं. गाडीचा दांडा खाली दबलेला होता, कुणीतरी सगळं वजन टाकून ओढावं तसा. गाडी एकेक हिसक्यानं बर्चकडे चालली होती. दांड्यापाशी कुणी नव्हतं. मी मोज्यांवरच धावले. आस्ता गाढ झोपलेली, गाल लाल. दांड्याला हात लावला तर तो कोमट होता, नुकताच कुणीतरी सोडलेला.

ते जे काय आहे ते माझ्या बाळाला नेतंय.

२० फेब्रुवारी

दोन दिवस तिला बाहेर काढलं नाही. दारं बंद. ती घरात झोपत नाही. रडते, रडते, आवाज बसला तरी रडते. कान ओढला की लगेच निजवते, हेगेंनी सांगितलं तसं सगळं करते. काही उपयोग नाही.

आज दुपारी मी तिला दंडाला धरून उचललं. जोरात. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. तिनं रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, ओळख नसल्यासारखं, आणि मी तिला पाळण्यात टाकून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि तो आवाज ऐकत बसले. हेगेंना फोन करायला हवा. पण त्या दंड बघतील. मग कुणीतरी कागद घेऊन येईल आणि माझी पोर घेऊन जाईल, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही.

ते बाहेरचं जे काही आहे, त्यानं तिला अजून ओरखडाही काढलेला नाही. मी काढला.

२२ फेब्रुवारी

उपाय सापडला. भिंतीत एक जुनी लोखंडी कडी आहे, घोडा बांधायची असावी. सायकल कुलपात बांधायची साखळी डेन्मार्कातून आणली होती, मनगटाएवढी जाड. इथे या चढणींवर सायकल चालवतं कोण? ती गाडीच्या लोखंडातून ओवली, कडीला बांधली, कुलूप घातलं.

आस्ता झोपली. मॉनिटरवर साखळी वाजली. ताणली, सुटली. ताणली, सुटली. मग बराच वेळ नुसते झोके. मग एक आवाज — हुंदक्यासारखा, बाईचा.

हरलीस ना, असं मी मोठ्यांदा म्हणाले. मग स्वतःचीच लाज वाटली. मग झोपले.

२३ फेब्रुवारी

रात्रीतून भरपूर बर्फ पडलं. छपरावर जाडच्या जाड थर बसलाय, घर वाकून बघितल्यासारखं दिसतं.

साखळी आजही वाजत होती. कालच्यापेक्षा जोरात. आस्ता झोपेत हसली.

मी झोपले. देवा, मी झोपले.

२५ फेब्रुवारी

हवा एकदम उबदार. सकाळपासून पागोळ्या गळतायत. परवा यार्ले येतो. त्याला सगळं सांगणार, दंडाचंसुद्धा.

आस्ता बाहेर आहे, साखळीत. मघाच झोपली. तेवढ्यात गुन्वोर येऊन गेली, काठी टेकत, पुढच्या दारानं. तिला विचारलं की रागनाचं काय होतं? आधी सांगेना. इथे त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणे. मग म्हणाली की रागनालाही एक बाळ होतं. तरुणपणी. बाबागाडीत झोपलेलं, दक्षिणेच्या भिंतीशी, आणि रागना आत सोफ्यावर. तिलाही झोप लागली होती. तेवढ्यात बाळ गेलं. कसं, ते गुन्वोरला सांगवेना. त्यानंतर तिनं त्या भिंतीशी कधी काही ठेवू दिलं नाही. पोस्टमनची सायकल, कुणाची बाबागाडी, बांधलेलं कुत्रं, सगळं स्वतः ओढून बर्चखाली नेऊन ठेवायची. अख्खं गाव तिला हसायचं, मीपण हसले गं, असं गुन्वोर म्हणाली आणि डोळे पुसले.

म्हणजे ती रागनाच आहे. तिचं गेलं म्हणून तिला माझं हवंय.

गुन्वोरनं विचारलं, तू आस्ताला कुठे निजवतेस? मी म्हणाले, बर्चखाली. साखळी दाखवायची मला लाज वाटली. ती म्हणाली बरं आहे बाई, तिथेच ठेव, आज हवा फिरली आहे. जाता जाता वर बघून यार्लेवर चिडली, म्हणे छपराच्या त्या जाळ्या पत्रा बदलल्यावर परत का नाही बसवल्या त्या गाढवानं? रागनानं खास करून घेतल्या होत्या. मी हो हो म्हणाले. मला वाटलं शिड्या आहेत.

आस्ता कुरकुरली. पेन उचललंय. चार ओळी.

साखळी वाजतेय. आज फारच. कडी उपटेल की काय असं — ओढू दे. कुलूप पक्कं आहे.

एक मात्र कळत नाही. न्यायचीच होती तर रस्त्याकडे न्यायची, रानाकडे न्यायची. रोज बर्चकडेच का? बर्चपाशी पोचली की सोडून द्यायची. दरवेळी तिथेच. अंगणाच्या मधे, भिंतीपासून लांब, जिथे यार्लेनं —

पागोळ्या थांबल्या. वर काहीतरी करकरलं.

जाळ्या. छपराच्या. घसरून खाली कोसळणारं बर्फ अडवायच्या

ती आस्ताला नेत नव्हती ती भिंतीपासून काढत होती आणि मी

साखळी हिसके हिसके आस्ता रडतेय खरं रडतेय

किल्ली कुठे — किल्ली कशाला, नुसती उचलायची, नुसती जाऊन उच