माळावरच्या नोकरीसाठी नाव

सप्रेम जय भीम अक्का,

फोनवर मी तुला चुकीचं सांगितलं. पवनचक्की कंपनीनं भावजींचं नाव मागितलं नव्हतं. माळाची जमीन देणाऱ्या प्रत्येक घरातला एक माणूस ते कामाला घेतात, आणि आपल्या घरातून भावजींचं नाव बाबांनी स्वतःहून सांगितलं.

मी बाबांना विचारलं, "लातूरला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा मी केला. टेस्टर धरायला तुम्हीच शिकवलं, शाळेत जायच्याही आधी. मग मी का न्हाई?"

"तू तर हायसच की घरी," बाबा म्हणाले. "जावई इथं लागला म्हंजी महामाया परत येईल."

आपल्या माळावरची वीज तेलंगणात जाते, तुझ्या सासरकडे. इथं लाइट गेली की बाबा अंधारात हसतात. "आपल्या वाऱ्यावर महामायाचा पंखा फिरत असंल," म्हणतात. त्या वेळी मी शेजारी बसून पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालत असते.

तू काहीच मागितलं नाहीस, हे मला माहीत आहे. तरी तुझा राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते. हे पत्र मी टाकणार नाही. तू वाचलंस तर भावजींना माघार घ्यायला लावशील, आणि तू सोडलेली जागा मला नको.

कंपनीच्या अहमदपूरच्या ऑफिसात जमीनवाल्यांना बोलावून साहेब नावं पक्की करणार आहेत. बाबांच्या आधी तिथं जाऊन मी माझं नाव सांगणार आहे, सोमवारी, चार मे रोजी.

तुझीच,
लुंबिनी