कानडी म्हैस

रेणापूर,
६ जानेवारी २०२५

चि. तनूस,

आईचे पोटभर आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. पोस्टातल्या बाईसुद्धा म्हणाल्या, "काकू, जर्मनीला कागद कामून पाठवता? फोन लावा की." त्यांना काय सांगू? आपल्या घरात तुझा फोन आला की अप्पा तो स्पीकरवर टाकतात, आणि शेजारचे संगप्पाकाका भिंतीपलीकडून तुला हवामान विचारतात. त्या गलक्यात आईला लेकीशी काही बोलता येत नाही.

आधी बातम्या. हरभऱ्याला घाटे लागलेत. तूर यंदा बरी आहे. अप्पांनी नवा स्वेटर घेतला आणि दुकानदाराला सांगितलं, "आमच्या लेकीच्या गावाला याच्याहून लई थंडी हाय." म्हणून त्यानं भाव कमी केला असं त्यांना वाटतं. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

वेळा अमावस्येच्या शेतातल्या पूजा-जेवणाला तू फोनवरून आलीस, ते अप्पा अजून गावभर सांगत फिरतात. "आमच्या तनीनं तिकडं हापिसातले सात-आठ जर्मन जेवायला बोलावले. भज्जी चाटूनपुसून खाल्ली त्यांनी, आंबील मागून घेतली!" परवा गुरुपादप्पांच्या दुकानात सांगताना तर त्या पाहुण्यांनी आंबिलीची कृतीही लिहून घेतली होती. मी पिशवीचं तोंड बांधत बाजूला उभी होते. काही बोलले नाही.

आता बोलते.

त्या संध्याकाळी सगळे गवताचा पेटता हेंडगा घेऊन शेताला फेरी मारायला गेले. फोन कडब्याच्या कोपीतच राहिला, पांडव म्हणून पुजलेल्या, चुना लावलेल्या पाच दगडांना टेकून. आणि गुडघ्यामुळे मीही मागेच राहिले होते, हे तुला माहीत नव्हतं. आंबिलीचा माठ उचलायला आत वाकले तर फोन चालूच. तिकडे तुझी दुपार. टेबलाभोवती खुर्च्या, समोर ताटं, आणि माणूस एकही नाही. तू पळी घेऊन एका रिकाम्या खुर्चीला म्हणालीस, "घ्या की अजून थोडी, लाजता कामून?" आणि वाढलंस. मग दुसरीला वाढलंस. मग थांबलीस आणि सगळं परत पातेल्यात ओतलंस.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात अप्पा ओरडत आले, आणि तू हसऱ्या तोंडानं सांगितलंस, "सगळे आत्ताच गेले, अप्पा. लई आवडलं त्यांना."

तू त्यांना कसं बोलावलं असशील, ते न सांगता कळतं मला. "या बरं का सोमवारी, घरचंच हाय," असं सगळ्यांना मिळून. आपल्याकडे त्या दिवशी एवढंही लागत नाही. ज्याला शेत नाही तोही कुणाच्यातरी कोपीत पोटभर जेवतो, वाटसरूला हाताला धरून बसवतात. तिकडची माणसं महिनाभर आधी दिवस-वेळ ठरवतात, हे तूच मागे सांगितलं होतंस. त्यात नाताळची सुट्टी, ती आपापल्या आईकडे गेली असतील. त्यांनी तुला टाळलं असं मनात धरू नकोस. तू नुसतं तोंडदेखलं बोलावलंस असंच त्यांना वाटलं असेल.

आता माझं ऐक. लग्न होऊन बीदरकडून या घरात आले तेव्हा मला मराठीत फक्त 'हो' म्हणता येत होतं. माणसं चांगलीच होती. पण सगळे हसले की मी मागून हसायचे, कशाला ते कळायचं नाही. त्या वर्षी तुझ्या आजोबांनी उदगीरच्या बाजारातून एक म्हैस आणली. तीही कानडी मुलखातली. मराठीत ओरडून घसा बसला तरी जागची हलायची नाही, मी कानडीत "बा", म्हणजे ये, म्हटलं की मुकाट यायची. मग काय, गोठ्यात माझं राज्य! दूध काढताना तिला सगळं सांगायचे. कोण काय बोललं, आईची आठवण किती येते. आणि माहेरच्या पत्रात लिहायचे, "मी मजेत आहे, खूप मैत्रिणी झाल्या." मैत्रीण ती एकच होती, चार पायांची.

एका सकाळी वळून बघते तर सासूबाई गोठ्याच्या दारात. कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे. न बोलता निघून गेल्या. काही दिवसांनी मी भांडी घासत होते, तर शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवलीस का? गुरुपादप्पांच्या आईकडून तेवढं कानडी शिकून आल्या होत्या. उच्चार असा की म्हैससुद्धा हसली असती. मी मात्र राखेच्या हातांनी तोंड झाकून रडले.

पण गोठ्यातलं ऐकलं, हे त्या कधीच बोलल्या नाहीत. मीही सांगितलं नाही. आम्ही दोघींनी एकमेकींना जपलं, आणि मी तेव्हा मजेत नव्हते हे सांगायचं राहूनच गेलं. अप्पांनाही ते ठाऊक नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

म्हणून मी सासूबाईंसारखी गप्प बसणार नाही. मी पाहिलं, तनू. परत ये असं म्हणत नाही, नोकरी तू हौसेनं घेतलीस. आलीस तर दार उघडंच आहे, अप्पांच्या फुशारकीचं मी बघून घेईन. तिथे तुझं कुणी नाही, हेही मी सोसेन. पण आमच्याशी असं खोटं हसत राहिलीस, तर इथेही तुझं कुणी उरणार नाही. त्याचीच मला भीती वाटते.

तुझ्या खालच्या मजल्यावर एकटी म्हातारी राहते म्हणाली होतीस. तिला बोलाव, दिवस आणि वेळ ठरवून. आणि रविवारी तुझ्या दुपारी माझ्या फोनवर फोन लाव. अप्पा तेव्हा मठात प्रवचनाला असतात. तू तुझं ताट घे, मी माझं घेते. बोलावंसं नाही वाटलं तर नुसतं जेवू.

फोन उचलला की पहिलं काय विचारणार, ते आत्ताच सांगून ठेवते. सवयीनं 'हो, मस्त' म्हणू नकोस. 'एकटीच जेवते' म्हण. मला ऐकवेल.

ऊटा आयता, तनू?

तुझीच,
आई