सातव्या शाखेची रांग

शिमकेंत, १९९६

आपा,

शटर अर्धं ओढून लिहायला बसले आहे. मी, तुझी लेक, खुशाल आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आज आमच्या बँकेची सातवी शाखा उघडली. नव्या खातेदारांना किटली फुकट, म्हणून रांग लागली. आपली माणसं आधी रांगेत शिरतात, मग विचारतात.

"काय मिळतंय गं?"

"मिळतंय कसलं! बँक बुडतेय म्हणे."

दुपारी सगळे पैसे काढायला उभे. साहेब हसले, "चहा पाज त्यांना. उद्या विसरतील."

घोडी विकून आलेले तुझे पैसे माझ्याच शब्दावर इथे आहेत. काळजी करू नकोस. शेजारणींना मात्र काही बोलू नकोस.

तुझे हात डोळ्यांना लावते,
कार्लीगाश

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी पुन्हा रांग होती. सर्वांत पुढे साहेबांची आई, पैसे काढायला.