एकशे बाराव्या पानावरची ओळ

सोमवार, ४ तारीख

तिसरीतून शाळा सुटलेली बाई आज विद्यापीठात कामाला लागली. नातीने हाताला धरून आणलं, दारावरच्या वहीत माझं नाव लिहिलं, गळ्यात फोटोचं कार्ड अडकवलं. फोटोत मी भुरट्या चोरासारखी दिसते. तीन जिने चढून वर प्रकाशन विभाग. मला वाटलं, यंत्रं धडधडत असतील. कसलं काय! चार खोल्या, कागदांचे ढीग आणि माना खाली घातलेली माणसं. छपाई म्हणे बाहेर होते. मग इथे काय करता, विचारलं, तर नात म्हणाली की जे छापायचं ते खरं आहे का, हे इथे बघतात. खरं-खोटं करायला पगार मिळतो हे ठाऊक असतं तर मी चाळीस वर्षांपूर्वीच आले असते.

ती चाळीस वर्षं मी बाळंतपणं केली. त्याचंच पुस्तक होतंय. नातीने दोन वर्षं माझं बोलणं लिहून घेतलं. आता जुळवलेली पानं मी वाचायची, चुकलं असेल तिथे खूण करायची आणि शेवटी सही ठोकायची. खिडकीशी गादीची खुर्ची दिली आहे. समोर सूचीवाल्या बाई बसतात. कुठला शब्द कुठल्या पानावर आहे, याची यादी पुस्तकाच्या शेवटी असते, ती त्या करतात. तांदूळ निवडल्यासारखं काम, पण बाई गोड आहेत. चहा आला की आधी माझा कप पुढे करतात.

गुरुवार, ७ तारीख

आज नवीनच कळलं. पुस्तक छापण्याआधी दोन परक्या विद्वानांना वाचायला देतात आणि त्यांची नावं कुणाला सांगत नाहीत. तोंड लपवून दुसऱ्याच्या लेकराला नावं ठेवायची सोय. पहिल्याने वाखाणलं. दुसऱ्याने लिहिलं की ही बाई एकाच गोष्टीबद्दल दोन तऱ्हांनी बोलते. बोलणारच! पोटं काय साच्यातून काढलेली असतात?

नात हसली नाही. तिची नोकरी कच्ची आहे. या महिन्यात पुस्तक निघालं तर पक्की होईल, नाहीतर घरी. ते मला आजच सांगितलं.

सोमवार, ११ तारीख

एकशे बारावं पान. आडवं बाळ हाताने कसं फिरवायचं, ते सगळं नीट उतरलंय. पण त्याखालची ओळच नाही. मी सांगितलं होतं की बाळाभोवतीचं पाणी गेलं असेल तर फिरवायचं नाही. पोटाला हात लावायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. गर्भाची पिशवी फाटते, बाई जाते.

नातीला विचारलं. ती म्हणाली, दुसऱ्या विद्वानाला ते आधीच्या सांगण्याशी जुळत नाही असं वाटलं, म्हणून काढलं.

कुणी काढलं, विचारलं. मीच, म्हणाली.

ही ओळ मी कुठे शिकले, ते तिला माहीत आहे. तिच्याच आईवर. माझी लेक, माझेच हात. पाणी गेलेलं होतं आणि मी फिरवायला गेले. पोर वाचली. ती पोर आता संपादक झाली आहे.

बुधवार, १३ तारीख

सही करणार नाही म्हणून सांगून टाकलं. विभागाच्या साहेबांनी बोलावून समजावलं. एक ओळ घातली की पुढची सगळी पानं सरकतात, पानं सरकली की सूची वाया जाते, महिना जातो. मी म्हटलं, जाऊ द्या, महिनाच जातोय, बाई तर नाही ना जात. साहेब म्हणाले, नियम असा आहे की सांगणारा जिवंत असेल तर त्याच्या सहीशिवाय छापता येत नाही. वारला असेल तर जवळच्या नातेवाइकाची सही चालते.

म्हणाले साहेब, पण बघत होते नातीकडे.

घरी आल्यावर नातीने माझे पाय चेपून दिले. उद्या घरीच आराम कर, म्हणाली. लहानपणापासून हिचे लाड नको तेव्हाच उतू जातात.

शुक्रवार, १५ तारीख

दारावरच्या माणसाने मान वर केली नाही. वहीत माझ्या नावावर रेघ मारलेली. माझी खुर्ची भिंतीला लावलेली, तिच्यावर कागदांचे गठ्ठे. सूचीवाल्या बाईंना म्हटलं, अहो, मी काल आले नाही तर लगेच खुर्चीचा माळा केलात की काय! त्या वाचत राहिल्या. चहा आला, एकच कप. बहिरेपणाची लागण होते का?

सोमवार, १८ तारीख

नातीच्या टेबलावर पहिलं पान पडलं होतं. माझं नाव आहे, मोठ्या अक्षरात. नावाआधी ‘दिवंगत’.

खाली संमतीचा कागद. माहिती देणारी मयत. मृत्यूची तारीख १४, मी घरी आराम केला तोच दिवस. जवळची नातेवाईक म्हणून सही तिची. वळणदार. हात धरून मीच गिरवून घेतली होती तिची अक्षरं.

मी साहेबांसमोर जाऊन टेबलावर हात आपटला. आवाज झाला नाही.

मंगळवार, १९ तारीख

स्वतःची नाडी बघितली. चाळीस वर्षं दुसऱ्यांची बघितली, कधी चुकले नाही. डावा हात. उजवा. मग गळ्याशी —

लागत नाही. कागदावर लिहिलं तेच खरं झालं.

बुधवार, २० तारीख

लाल पेनने एकशे बाराव्या पानावर ओळ लिहिली. सूचीवाल्या बाईंनी पान उचललं. माझी ओळ उमटलेलीच नाही. तीनदा लिहिली. या वहीत मात्र उमटतं. का, कळत नाही.

आणि एक. सगळे माझ्यातून आरपार बघतात. नात बघत नाही. मी वाटेत उभी राहिले की ती वळसा घालून जाते.

तिला मी दिसते. पहिल्या दिवसापासून —

गुरुवार, २१ तारीख

पुस्तक छापायला गेलं. सगळे टाळ्या वाजवत होते, साहेबांनी तिला पक्की केली. खोली रिकामी झाल्यावर ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “आजी, झालं ना आता. जा ना गं.”

मी ओरडले. तिच्या आईचं नाव घेऊन ओरडले. तिने कानांवर हात ठेवले. म्हणजे ऐकू येतं.

शुक्रवार, २२

तिने वही बघितली. हात पुढे —

मी सोडत नाही. ती एकेक पान फाडते आहे, पहिल्यापासून — जे फाटतं ते मला आठवत नाही — लेकीचा चेहरा गेला — बायांनो, ऐका, बाळ आडवं असेल आणि पाणी गेलेलं असेल तर पोटाला