मुख्य चालक

४ मार्च

बावीस, एवढंच म्हणालो. पलीकडचं टाइपिंग थांबलं.

"बावीस पूर्ण की चालू?"

आता वयालासुद्धा पूर्ण आणि चालू! पूर्ण, म्हटलं. मग गाडीचं साल सांगितलं. पुन्हा टाइपिंग. मग विमा कंपनीच्या बाईंनी वर्षाचा हप्ता सांगितला. मला वाटलं फोनमध्ये खरखर आहे. पुन्हा विचारलं. खरखर नव्हती.

"अहो, एवढ्यात दुसरी गाडी येईल."

"मग दुसरीच घ्या ना सर. नव्या गाडीला हप्ता कमी बसतो."

चेष्टा करत असत्या तर आवडल्या असत्या मला. पण त्या मनापासून सल्ला देत होत्या.

५ मार्च

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड होईल.

गाडी आत्याची. फिकट हिरवी, दोन दारांची, पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले — म्हणून घरात तिचं नाव बेडकी. गिअर स्टिअरिंगलाच. आतोबा गेले तेव्हापासून बेडकी आत्याच्या घरामागच्या शेडमध्ये जुनी चादर पांघरून उभी आहे. तेव्हा बाबाच म्हणाले होते, "आता पुरे, ताई. या वयात कशाला?" आत्या बरं म्हणाली होती. ती सगळ्यालाच बरं म्हणते.

आता चौकातल्या हॉटेलवाल्याला बेडकी हवी आहे. चालवायला नाही. बॉनेट काढून आत माती भरणार, फुलझाडं लावणार, टपावर मेन्यूचा फळा. एक तारखेला त्याचं नवं दालन उघडतंय, त्याआधी दारात उभी करायची म्हणतो. शोभेला!

बाबा म्हणाले, देऊन टाक. आत्याने मला बोलावलं.

"तू चालवणार आहेस का? रस्त्यावर, रोज? शेडमध्ये झाकूनच ठेवायची तर हॉटेलवाला काय वाईट? फुलं तरी येतील."

चालवीन, म्हटलं.

"मग महिनाअखेरपर्यंत विमा काढून दाखव."

माझी मिळकत ही अशी — एका दुकानाच्या वेबसाइटसाठी मिक्सर आणि इस्त्र्यांची वर्णनं लिहितो. कादंबरी वेगळी चालू आहे. तिच्यात एकही क्रियापद नाही. बाबा म्हणतात, म्हणूनच ती पुढे सरकत नाही.

९ मार्च

'तरुण चालक योजना' नावाचं एक प्रकरण सापडलं. हप्ता परवडेल असा. अट काय, तर गाडीत एक काळी डबी बसवायची. ब्रेक कधी दाबला, वळण किती जोरात घेतलं, सगळं ती डबी कंपनीला कळवणार. चहाडखोर डबी! तरी कबूल झालो. बेडकीसाठी एवढा अपमान चालेल.

तर डबीला बारा व्होल्ट लागतात. बेडकीत सहाच आहेत.

"मग बॅटरी बदलून घ्या," योजनेचा फोनवरचा माणूस म्हणाला.

बॅटरी बदलली तर दिवे, हॉर्न, वायपर सगळं बदलावं लागेल, म्हटलं.

"हां. मग गाडीच बदलून घ्या."

या लोकांना कुठे शिकवतात हे?

१० मार्च

चौथी कंपनी. थांबा म्हणून संगीत लावून दिलं. संगीत संपलं. फोनही संपला.

१३ मार्च

आज जुन्या गाड्यांच्या मंडळात गेलो. मंडळाच्या सभासदांना म्हणे स्वस्तात विमा मिळतो. एका मोठ्या आवारात दहा-बारा गाड्या चकचकीत उभ्या, आणि प्रत्येकीशेजारी एकेक टोपीवाले आजोबा घडीच्या खुर्चीत. कोणीही गाडीत बसलेलं नाही. पुसणं मात्र अखंड. एकांनी तर मी जवळून श्वास घेतला म्हणून बंपर पुन्हा पुसला.

सचिवसाहेब सँडविच खात होते.

"सभासद व्हायचंय? अवश्य. गाडीचा विमा दाखवा."

"विमा मिळावा म्हणूनच सभासद व्हायचंय, काका."

"असं कसं? विमा नसलेली गाडी आवारात आणता येत नाही. गाडी आणल्याशिवाय सभासद कसे होणार?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते सँडविचकडे.

"आणि पंचविशीच्या आतल्यांना आम्ही तसंही घेत नाही," म्हणाले. हे आधी सांगायला काय झालं होतं? पण मग गंमत कसली!

शिवाय आणखी एक अट: घरात दुसरी गाडी पाहिजे. म्हणजे जुनी गाडी चालवायची गरज पडायला नको. ज्याला गाडी चालवायचीच नाही त्यालाच चालवायचा विमा स्वस्त. मी हे कादंबरीत घातलं तर बाबा म्हणतील, काहीही लिहितोस.

१५ मार्च

आपल्या भाषेत विमा कोणी घेत नाही. काढतात नाहीतर उतरवतात. जशी दृष्ट उतरवतात, नशा उतरवतात, अंगावरचे दागिने उतरवतात. माझ्या बाबतीत तोंड उतरवतात.

१६ मार्च

हॉटेलवाला मापं घ्यायला आला! महिना संपलेला नसताना! मी शेडमध्ये टायरला हवा भरत होतो. हा टेप काढून बॉनेटवर वाकलेला.

"मधुमालती बरी दिसेल का हो इथं?"

मी म्हटलं, निवडुंग लावा, तुमच्या गिऱ्हाइकांना सवय होईल. हसला. अपमान कळत नाही अशा माणसांचा एक वेगळाच राग येतो.

आत्या मागच्या दारात उभी राहून बघत होती.  तो गेल्यावर येऊन चादर नीट केली, कोपरे खाली खोचले.

"मागच्या डाव्या चाकात हवा कमी लागते तिला," एवढं म्हणाली.

१९ मार्च

शेवटी बाबांचा वर्गमित्र. विमा एजंट. टायवर जहाजांचे छोटे छोटे नांगर. याच्याकडे जाणार नाही असं मी स्वतःला बजावलं होतं; पण गेलो. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाचा मागचा भाग. बोलता बोलता मशीन सुरू झालं की हा डोळे मिटून थांबतो.

"बाळा, तू मुख्य चालक म्हणून जातोयस, तिथेच चुकतंय. गाडी आत्याची. मुख्य चालक आत्या. तू खाली, अतिरिक्त चालक. हप्ता बघ कसा धाडकन खाली येतो."

"पण चालवणार मी."

"ते कोण बघायला येतंय?"

"म्हणजे खोटं."

"छे. मांडणी बदलतोय फक्त."

मांडणी! आम्ही दोन वर्षं मांडणी-मांडणी करत कपाळ बडवतोय, आणि खरा प्रयोगशील लेखक इथे झेरॉक्सच्या मागे बसलाय.

विचार करून सांगतो म्हटलं. विचार जिन्यापर्यंत केला.

२० मार्च

आत्याला सांगितलं. वाटलं, नाही म्हणेल. म्हणाली, "बरं."

कागद द्यायला आम्ही दोघं नांगरवाल्याकडे गेलो. आत्याने इस्त्रीची साडी नेसली होती, जणू मुलगी बघायला निघालोय. तिचं लायसन्स त्याने उलटसुलट बघितलं. चालू आहे! मागच्याच वर्षी नवं करून घेतलंय.

"कशाला गं?" मी विचारलं.

"सवय," म्हणाली.

मग त्याने कॉम्प्युटरवर आतोबांची जुनी पॉलिसी काढली आणि शीळच घातली.

"वा! एवढ्या वर्षांत एकही क्लेम नाही! काय गाडी चालवत असतील साहेब!"

आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. मला हसू आवरेना. आतोबांना साधी सायकल येत नव्हती! गाडी पहिल्या दिवसापासून आत्या चालवायची. आतोबा शेजारी बसून शेंगदाणे खायचे आणि फोटो काढायचा असला तेवढं स्टिअरिंगपाशी सरकायचे. दवाखाना, बाजार, बाबांचं लग्न, माझा जन्म झाला त्या दिवशी आईला न्यायला आली ती आत्याच. सगळ्यांना माहीत आहे. विमा कंपनी सोडून.

"मग तेव्हा पॉलिसीत तुझं नाव का नाही घातलंस?" मी विचारलं.

"विचारलं कोणी? समोरचे म्हणाले, चालवणार साहेबच ना? साहेब म्हणाले, हो. तेवढ्यात शिक्का मारला. तिथे भांडत कुठे बसायचं?"

नांगरवाल्याने घसा साफ केला. म्हणाला, काही बिघडत नाही, साहेबांचा नो-क्लेम बोनस पत्नीला मिळू शकतो. वारसा म्हणून.

म्हणजे गाडी हिने चालवली, धक्का हिने लागू दिला नाही, आणि आता तो बोनस हिला नवऱ्याकडून वारशात मिळणार! उपकार म्हणून! नो क्लेम — कधी दावा केला नाही, त्याचं बक्षीस. तेही दुसऱ्याच्या नावावर.

हे मी मोठ्याने म्हटलं. आत्या म्हणाली, "अरे लेखका, सही कुठे करायची तेवढं दाखव."

२२ मार्च

बाबांना कळलं. "उद्या काही झालं तर ताईच्या गळ्यात येईल," म्हणाले. म्हटलं, काही होणार नाही. म्हणाले, "तुझ्या वयात मलाही काही होणार नव्हतं."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला इथे लिहायचं नाही.

२५ मार्च

नवीन भानगड. कंपनी खात्री करायला फोन करणार, थेट मुख्य चालकाला! तोपर्यंत पॉलिसी अडकलेली. इकडे हॉटेलवाल्याने मातीची पोती आणून फुटपाथवर रचून ठेवली आहेत. रोज येता-जाता दिसतात.

आत्याला पढवायला गेलो. रोज चालवते म्हण. पुतण्या कधीतरीच, म्हण. घाबरू नकोस. अडखळलीस तर खोकला काढ.

"बरं," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. हिच्याकडून काही होणार नाही. साधी बाई. खोटं बोलताना कानाच्या पाळ्या लाल होतात हिच्या, मी पाहिलंय.

२७ मार्च

फोन आला. मी शेजारीच. स्पीकर लावला.

"गाडी मुख्यतः कोण चालवतं, मॅडम?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"साधारण कुठे जाता?"

"सकाळी बाजारात. मग मैत्रिणीकडे, टेकडीपलीकडे राहते ती. परत येताना नदीच्या रस्त्याने. लांब पडतो, पण सिग्नल नाहीत."

"आणि पुतणे?"

"शिकतोय. क्लच फार दाबून ठेवतो."

अरे! क्लचचं तर मी शिकवलंही नव्हतं! एवढी सहज, एवढी बारकाव्यानिशी. कानाच्या पाळ्यासुद्धा लाल नाहीत. फोनवरच्या मुलाने मॅडम-मॅडम करत सगळं उतरवून घेतलं आणि म्हणाला, पॉलिसी परवापासून लागू. एवढ्या मोठ्या कंपनीला माझ्या आत्याने भाजी निवडता निवडता गुंडाळलं! मी तिला मिठी मारली. म्हटलं, तू नाटकात जायला हवं होतंस.

"पेट्रोल टाकलंयस का रे तिच्यात?" तिने विचारलं.

माझी केवढी काळजी. टाकलंय म्हटलं, टाकी भरून.

हॉटेलवाल्याला बाबांनीच कळवलं. म्हणाला, मग एखादी बैलगाडी बघतो.

२८ मार्च

मिक्सरची वर्णनं. उद्या सकाळी दहाला बेडकी माझी. कॉलेजच्या गँगला सांगून ठेवलंय, आधी त्या मंडळाच्या आवारासमोरून हॉर्न वाजवत जायचं.

२९ मार्च

दहाला गेलो. शेड उघडी. आत चादर, घडी घालून ठेवलेली. गाडी नाही.

हॉटेलवाल्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अहो, त्या तासाभरापूर्वी माझ्या दारावरून गेल्या. मी हात केला. बघितलंसुद्धा नाही. नजर रस्त्यावर. टेकडीकडे वळल्या."

आता दुपारचे दोन. आत्याच्या पायरीवर बसून लिहितोय. फोनवर तिने त्या मुलाला एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती; आजपासूनची सांगत होती.

निदान मला विचारायला तरी हवं होतं, असं लिहिलं आणि खोडलं. मला का विचारायचं?