खात्यावरची शेवंता

मंगळवार, संध्याकाळ

सुटले एकदाची! धानाचे पैसे खात्यात जमा होणार, पण बँकेत माझं माहेरचं नाव शेवंता, तर सातबाऱ्यावर लग्नात सासूबाईंनी ठेवलेलं वैशाली. खरेदी केंद्रावरचे बाबू म्हणे, "काकू, ह्या दोघी कोन आहेत?" काय सांगू? दोन्ही मीच! शेवटी मोहाडीच्या तहसीलात लिहून दिलं, दोन्ही बाया एकच.

आज तपासणीचा एक रुपया खात्यात पडला. मोबाईलवर मेसेज, "शेवंता, तुमचे खाते बरोबर आहे." शेवंता! या घरात कोणी म्हणतं का तसं?

सासूबाईंना वाचून दाखवलं.  त्या म्हणाल्या, "शेवंता, चाय मांड वो."

साखर जरा जास्तच पडली माझ्या हातून.